घोसाचे कान

आर्मिदानं मेजावर तीन पेले मांडले,
मग एक उचलून पुन्हा फडताळात ठेवला.
"मला कशाला? मला पाणी पुरे."

माझ्या गाडीच्या डिकीत नेहमीच्या अनाथ बाटल्या.
दुकानदाराला नावं उच्चारता येत नाहीत
म्हणून गिऱ्हाईक मागत नाही,
गिऱ्हाईक मागत नाही म्हणून दुकानदार शिकत नाही.
पियेदिरोस्सो, देठ कबुतराच्या पायासारखा लाल.
लाक्रिमा, पिकली की जिची साल आपोआप उलते,
गळणाऱ्या थेंबाला तिकडचे लोक आसू म्हणतात.
आणि फ्रिउलीची ताझ्झेलेंगे,
जिचं नावच जीभ-कापी.

झेनो, तिचा भाचा, घोट घेऊन मोरीत थुंकत होता.
मी सवयीनं बोलत गेलो: गुलाब, मिरी...
"कुठला गुलाब?" तिनं अडवलं.
"कुंपणावरचा, की दफनभूमीतला?"

झेनोनं दारातच बजावलं होतं.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात मावशीचा वास गेला.
नाक आहे जागच्या जागी, पण त्यात कुणी राहत नाही.
मारानोत कुणाला कळता कामा नये.

मग आम्ही माळ्यावर गेलो.
एके काळी रेशमाचे किडे जिथं पानं कुरतडायचे
त्याच वेताच्या फळ्यांवर कोर्विनाचे घोस,
सप्टेंबरपासून पडून, सुरकुतत, हलके होत.
खिडक्या सताड उघड्या. तळ्याकडचा वारा
येतो, पाणी उचलतो, जातो.
"हे बघ कान," ती म्हणाली,
घोसाच्या वरच्या दोन पाकळ्यांना हात लावून.
"ऊन आधी यांनाच लागतं.
जुने लोक फक्त कानच खुडायचे,
म्हणून आमची गोड वाइन रेचोतो: कानांची."

आता तीही कानांनीच काम करते.
रात्री दिवा न लावता फळ्यांमधून फिरते.
बरा घोस तळव्यावर घेतला की सळसळतो,
बुरसलेला गप्प बसतो.
पिंपाला गाल टेकून फसफस मोजते,
दोन बुडबुड्यांमध्ये किती श्वास.
एकदा कुणी मोजायचं विसरलं म्हणे,
पिंपातली साखर निसटली, वाइन कडू झाली,
आणि त्या कडूनंच डोंगराला पैसा दिला.
"चुकीला भाव आला," झेनो हसला.
ती हसली नाही.

खाली येऊन तिनं माझ्या पेल्यात दोन बोटं ओतली.
काळी, काठाशी जांभळी, हलवली तरी आळसावलेली.
"ही थुंकायची नाही. सांग."

"चेरी," मी म्हणालो.
"चेरी मला ठाऊक आहे. चेरीचं काय झालंय ते सांग."

बारा वर्षं हा धंदा करतोय.
माझे सगळे शब्द छापील निघाले.
मी डोळे मिटले. आधी गोड आली, उंबऱ्यातच थांबली,
तिच्या मागून तुरट,
तोंडाला मिठी बसली, आणि सोडवेना.

"कुणीतरी ती कोटाच्या खिशात टाकली," मी म्हणालो,
"तंबाखूबरोबर. आणि विसरलं.
हिवाळाभर कोट खुंटीला.
मग बटण लावायला काढला, तेव्हा बोटांना लागली."

ती बराच वेळ मेजावरचे तुकडे गोळा करत राहिली.
"बाहेरचा खिसा, की आतला?"

मी आणखी एक घोट घेतला. घाई करण्यासारखं नव्हतं.

"आतला."

"झेनो," ती म्हणाली, "सोमवारी बाटल्या धू."

निघताना मी माझ्या बाटल्या आवरू लागलो,
तर तिनं जीभ-कापीवर हात ठेवला.
उरलेली अर्धी, कुणालाही न खपणारी.
फडताळातला पेला पुन्हा निघाला.
घोट घेतला, तोंड वाकडं केलं, गाल आत ओढले,
आणि जीभ टाळ्यावर टक्‌कन वाजवली.

"ही राहू दे," आर्मिदा म्हणाली.
"ही मला कळते."